शून्य रुपयांचं दूध

दूध संकलन केंद्रावर सकाळी साडेसहालाच रांग लागलेली असते. किटली ओतली जाते, काट्यावर लिटर दिसतात, नमुन्याची वाटी मशीनच्या नळीखाली धरली की थोड्या वेळात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यांचे आकडे येतात आणि सभासदाच्या हातात चिठ्ठी पडते. ‘आज किती लागली?’ एवढंच रांगेत विचारलं जातं. फॅट हा शब्द उच्चारायचीही गरज नसते. दर दहा दिवसांनी या चिठ्ठ्यांची बेरीज होते. त्या रकमेला गावात बिल म्हणत नाहीत, दुधाचा पगार म्हणतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रासाठी मी पायथॉनमध्ये हिशोबाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मशीन दिवसभराच्या नोंदींची फाइल तयार करायचं आणि माझा प्रोग्रॅम ती वाचून फॅट, एसएनएफ आणि लिटर यांवरून रक्कम काढायचा. पहिले दोन पगार सुरळीत गेले. तिसऱ्या पगाराच्या दिवशी एक बाई दोन कागद घेऊन आल्या. एक सकाळची चिठ्ठी: ८.४ लिटर, आणि फॅटच्या जागी पेनाने लिहिलेलं ३.९. दुसरी पगाराची पावती: त्याच तारखेपुढे, त्याच ८.४ लिटरपुढे, रक्कम ०.००. त्या एवढंच म्हणाल्या, “दूध तर घातलं होतं की, दादा.”

लिटरला ३४ रुपये धरले तरी ते २८५ रुपये ६० पैसे होतात. घडलं होतं ते असं. त्या सकाळी मशीनने नमुना वाचलाच नव्हता आणि फॅटच्या रकान्यात दोन आडव्या रेघा टाकल्या होत्या. केंद्रचालकाने नमुना पुन्हा लावून आकडा चिठ्ठीवर हाताने लिहिला, पण फाइलमध्ये रेघाच राहिल्या. माझा प्रोग्रॅम त्या रेघांपाशी अडखळला आणि शून्य लिहून पुढे गेला. तसं करायला मीच त्याला सांगितलं होतं. ज्या साधनाने सांगितलं होतं त्याचं नाव डेकोरेटर. या प्रकरणात त्या साधनाची ओळख करून घ्यायची आहे, आणि मी ते कुठे चुकीचं वापरलं तेही पाहायचं आहे.

आधी चूक म्हणजे काय ते बघू. अक्षरांच्या रूपात आलेला आकडा खऱ्या आकड्यात बदलायला पायथॉनमध्ये ‘फ्लोट’ हे फंक्शन असतं. फाइलमधून वाचलेला मजकूर ‘३.९’ असा देवनागरी अंकांत असला तरी पायथॉन तो बिनतक्रार आकडा म्हणून घेतो. युनिकोडमधले सगळ्या लिप्यांचे दशमान अंक त्याला समजतात. पण दोन आडव्या रेघा दिल्या की त्याला काही अर्थ लावता येत नाही. अशा वेळी तो उत्तर देत नाही, ‘व्हॅल्यूएरर’ नावाचं एक्सेप्शन फेकतो. हे एक्सेप्शन ज्या फंक्शनमध्ये उद्भवलं तिथून त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे जातं, तिथून त्याच्या वरच्याकडे, असं एकेक पायरी वर चढतं. वाटेत कोणी हात पुढे करून झेललं तर ठीक. कोणीच झेललं नाही तर प्रोग्रॅम थांबतो आणि पडद्यावर ट्रेसबॅक येतो, म्हणजे कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर, कोणामार्फत, काय बिनसलं याचा पंचनामा. नवखा माणूस तो लाल मजकूर बघून घाबरतो. माझं म्हणणं उलट आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मिळणारी सगळ्यात प्रामाणिक माहिती त्या पंचनाम्यातच असते.

झेलण्याची रीत ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ या दोन शब्दांची. ‘ट्राय’च्या पोटात जोखमीचं काम लिहायचं आणि ‘एक्सेप्ट’च्या पोटात ते फसलं तर काय करायचं ते लिहायचं. एका फंक्शनपुरतं हे सोपं आहे. पण दुधाच्या प्रोग्रॅममध्ये गाय आणि म्हैस यांच्या दराची फंक्शनं वेगळी, कपातीचं वेगळं, पशुखाद्याच्या उधारीचं वेगळं. प्रत्येकात तीच चार ओळींची चौकट. आठव्या फंक्शनपर्यंत पोचलो तेव्हा मूळ हिशोब दोन ओळींचा आणि चौकट चार ओळींची, अशी गत झाली. शिवाय चौकटीत काही बदलायचं तर आठही ठिकाणी बदलायचं, आणि एखादं ठिकाण हटकून सुटतं. इथे डेकोरेटर आठवतो.

डेकोरेटर समजायला एकच गोष्ट नीट मनात बसवावी लागते. पायथॉनमध्ये फंक्शन हीसुद्धा एक वस्तू आहे. आकडा जसा एका नावाला चिकटवता येतो, दुसऱ्या फंक्शनला देता येतो, यादीत ठेवता येतो, तसंच फंक्शनही. मग असं करता येतं: एक फंक्शन असं लिहायचं की ज्याच्या हातात आपण दुसरं फंक्शन देतो. ते त्याच्याभोवती वेष्टन घालतं आणि वेष्टनासकट नवं फंक्शन आपल्याला परत करतं. आपण जुनंच नाव या नव्या वस्तूला लावतो. बाहेरच्या जगाला पत्ता लागत नाही. ते ‘रक्कम’ म्हणून हाक मारतं, ओ मात्र वेष्टन देतं आणि आत खऱ्या ‘रक्कम’कडे काम सोपवतं.

ही युक्ती डेकोरेटरच्या खुणेपेक्षा जुनी आहे. पायथॉनच्या २.२ या आवृत्तीत ‘क्लासमेथड’ आणि ‘स्टॅटिकमेथड’ आले तेव्हा ते फंक्शन लिहून झाल्यावर, त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत लावावे लागत. त्यामुळे एकच नाव तीनदा लिहायचं, आणि वाचणाऱ्याला हे फंक्शन कोणत्या जातीचं आहे ते पन्नास ओळी वाचून झाल्यावर कळायचं. मॅकवरच्या पायऑब्जसी या प्रकल्पात फंक्शनांची नावंच हातभर लांब असत. त्यांना या तीनदा लिहिण्याचा फारच जाच होता. उपाय हवा यावर एकमत होतं, पण खूण कोणती आणि ती कुठे ठेवायची यावर पायथॉनच्या मंडळींत कडाक्याची चर्चा झाली. ‘पेप ३१८’ या प्रस्तावात सुचवलेल्या कितीतरी खुणा नोंदवलेल्या आहेत. अखेर पायथॉनचे जनक गिदो व्हान रोसम यांनी फंक्शनच्या डोक्यावर, वेगळ्या ओळीत, ‘@’ ही खूण पक्की केली, आणि ३० नोव्हेंबर २००४ रोजी पायथॉन २.४ मधून ती सर्वांच्या हाती आली. डोक्यावरची जागा मला फार मोलाची वाटते. घराच्या दारावर पाटी असावी तशी ती आहे. आत शिरण्याआधीच कळतं की इथे काय व्यवस्था आहे.

आता माझा तो डेकोरेटर दाखवतो. पायथॉनचे राखीव शब्द, कोडमधले अंक आणि त्याची अंगची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावी लागतात; इथे वाचायला सोपं जावं म्हणून ती देवनागरीत छापली आहेत. आपण ठेवलेली नावं मात्र २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून खरोखरच देवनागरीत लिहिता येतात.

    डेफ चूक_झाका(फंक्शन):
        डेफ वेष्टन(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज):
            ट्राय:
                रिटर्न फंक्शन(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज)
            एक्सेप्ट एक्सेप्शन:
                रिटर्न ०
        रिटर्न वेष्टन

    @चूक_झाका
    डेफ रक्कम(नोंद):
        फॅट = फ्लोट(नोंद['फॅट'])
        लिटर = फ्लोट(नोंद['लिटर'])
        रिटर्न लिटर * दर(फॅट)

वरून खाली वाचा. ‘चूक_झाका’च्या हातात एक फंक्शन येतं. आत ‘वेष्टन’ नावाचं दुसरं फंक्शन जन्माला येतं. तारांकित दोन नावांचा अर्थ इतकाच की बाहेरून जे काही आणि जितकं काही दिलं जाईल ते सगळं जसंच्या तसं आत पोचव. ‘ट्राय’मध्ये मूळ फंक्शन चालतं. सगळं ठीक झालं तर त्याचं उत्तर वेष्टन पुढे करतं. बिनसलं तर शून्य. शेवटची ओळ ‘वेष्टन’ परत देते. त्याच्यापुढे कंस नाहीत हे नीट बघा. कंस असते तर वेष्टन तिथल्या तिथे चाललं असतं. आपल्याला ते चालवायचं नसून बोलावणाऱ्याच्या हाती द्यायचं आहे. शिकवताना मी बघितलंय, दहातले निम्मे जण पहिल्यांदा इथेच अडतात.

कोड बघायला नीटनेटका आहे. आठ फंक्शनांतल्या आठ चौकटी गेल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ आली. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं. दोष आहे तो वेष्टनाच्या पोटातल्या शेवटच्या दोन ओळींत, ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ आणि ‘रिटर्न ०’ या जोडीत.

‘एक्सेप्शन’ हे पायथॉनच्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ कूळ आहे. ते झेलायचं म्हणजे आडव्या रेघाही झेलायच्या, फाइलमधून रकानाच गायब झाला तर तेही झेलायचं, आणि मी स्वतः ‘लिटर’ऐवजी ‘लीटर’ टंकलं तर त्या नावाची वस्तूच नाही ही तक्रारही झेलायची. तिन्हींचं उत्तर एकच: शून्य. पहिली चूक एका सभासदाच्या एका नोंदीपुरती आहे. दुसरीचा अर्थ अख्खी फाइल चुकीच्या साच्यात आली असा आहे, आणि तिथे प्रोग्रॅमने जागच्या जागी थांबायला हवं. तिसरी माझ्या अंगणातली; ती तर मला लगेच, मोठ्या आवाजात कळायला हवी. तिघींना एकच वागणूक देऊन मी तिघींची ओळख पुसून टाकली. आणि शून्य हा काही ‘माहीत नाही’चा आकडा नव्हे. शून्य म्हणजे दूध घातलंच नाही. हिशोबाच्या वहीत त्याला अर्थ आहे, म्हणून तर तो बेरजेत बिनबोभाट मिसळून गेला.

सगळ्या चुकांना एकच वागणूक देण्याचा परिणाम केवढा मोठा होऊ शकतो याचं एक उदाहरण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून एरियन ५ या युरोपीय रॉकेटने पहिलं उड्डाण केलं. त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट वाट सोडून वाकलं, तुटू लागलं आणि त्याने स्वतःचा स्फोट घडवून आणला. गणितज्ञ जाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये कारण सांगितलं. दिशा आणि वेग मोजणाऱ्या संगणकात ६४ बिटांची एक अपूर्णांक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. हा प्रोग्रॅम एरियन ४ वरून तसाच आणलेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच जास्त, त्यामुळे संख्या मावली नाही आणि एक्सेप्शन उद्भवलं. भाषा एडा होती, पायथॉन नव्हे. पण प्रश्न आपलाच.

अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलेलं होतं, तिघींना नव्हतं. संगणकावरचा भार ठरल्या मर्यादेत राहावा म्हणून ही निवड केलेली होती. इथवरची चूक समजण्यासारखी आहे. पण त्या संगणकासाठी एक सरसकट नियमही लिहिलेला होता: कोणतंही एक्सेप्शन आलं तर बिघाड कळवायचा, त्याची नोंद साठवायची आणि प्रोसेसर बंद करायचा. बिघाड म्हणजे यंत्राचाच आकस्मिक दोष, आणि तो आला तर जोडीचा दुसरा संगणक आहेच, असा त्यामागचा विचार. जोडीच्या संगणकात प्रोग्रॅम तोच, आकडे तेच. तो त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. मग बंद पडलेल्या संगणकाने पाठवलेली बिघाडाची खूण मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली आणि इंजिनांची तोंडं पार वळवली. जीव हळहळतो तो पुढच्या माहितीने: ज्या गणितात ही संख्या लागत होती ते उड्डाणानंतर एरियन ५ ला मुळी उपयोगाचंच नव्हतं. समितीने म्हटलं की संगणकांनी बंद न पडता आपल्याकडचा सर्वांत चांगला अंदाज देत राहायला हवं होतं.

माझ्या प्रोग्रॅमने चूक झाल्यावर थांबायला हवं होतं आणि तो चालत राहिला. तिथे चालत राहायला हवं होतं आणि तो थांबला. म्हणजे ‘नेहमी थांबा’ हेही चूक आणि ‘नेहमी चालू ठेवा’ हेही चूक. कोणती चूक, कुठे आणि त्या जागी काय करायचं, हा निर्णय त्या कामाची माहिती असलेल्या माणसाने एकेक करून घ्यायचा असतो. डेकोरेटर तो निर्णय घेत नाही. घेतलेला निर्णय एका जागी, नावानिशी लिहून ठेवायची सोय तो करतो. हे एकदा पटलं की पुढचा कोड आपोआप वेगळा लिहिला जातो.

दुरुस्त केलेला डेकोरेटर असा:

    क्लास नोंदचूक(एक्सेप्शन):
        पास

    डेफ चूक_बदला(कोणती, कशात):
        डेफ डेकोरेटर(फंक्शन):
            @रॅप्स(फंक्शन)
            डेफ वेष्टन(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज):
                ट्राय:
                    रिटर्न फंक्शन(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज)
                एक्सेप्ट कोणती ॲज मूळ:
                    रेज कशात(फंक्शन.__नेम__) फ्रॉम मूळ
            रिटर्न वेष्टन
        रिटर्न डेकोरेटर

    @चूक_बदला(व्हॅल्यूएरर, नोंदचूक)
    डेफ रक्कम(नोंद):
        ...

एक थर वाढला आहे. कारण आता डेकोरेटरला आपण आधी माहिती देतो: कोणती चूक झेलायची आणि तिचं रूपांतर कशात करायचं. ती माहिती घेऊन तो खरा डेकोरेटर तयार करतो, तो फंक्शन घेतो, आणि आतलं वेष्टन रोजचं काम करतं. तीन थर म्हणून बिचकू नका. सगळ्यात बाहेरचा थर प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच चालतो, मधलाही एकदाच, आणि वेष्टन मात्र प्रत्येक नोंदीला.

आता फक्त व्हॅल्यूएरर झेलला जातो. रकाना गायब असेल तर त्याचं ‘कीएरर’ कोणी अडवत नाही, ते वर जातं आणि प्रोग्रॅम थांबतो. माझी टंकनचूकही थेट माझ्या तोंडावर येते. झेललेल्या चुकीचं शून्य होत नाही. ‘नोंदचूक’ या आपल्या धंद्याच्या भाषेतल्या नावाने ती पुन्हा फेकली जाते. ‘फ्रॉम मूळ’ हे दोन शब्द पायथॉन ३ ने दिलेली देणगी आहेत. त्यांच्यामुळे नव्या चुकीला जुनी चूक जोडलेली राहते आणि पंचनाम्यात दोन्ही दिसतात: नोंद वाचता आली नाही, आणि ती का, तर दोन आडव्या रेघांचा आकडा होईना. कारण न तोडता चुकीचं नाव बदलणं हे काम डेकोरेटर फार छान करतो, आणि माझ्या मते त्याचा हाच सर्वांत चांगला उपयोग आहे.

‘रॅप्स’ची ओळ लहान आहे पण ती गाळू नका. वेष्टन घातलं की फंक्शनचं स्वतःचं नाव आणि त्याला जोडलेलं स्पष्टीकरण झाकलं जातं. आठही फंक्शनं नाव विचारल्यावर ‘वेष्टन’ असंच सांगू लागतात. ‘रॅप्स’ मूळची ओळख वेष्टनाच्या अंगावर उतरवतो. २००६ सालच्या पायथॉन २.५ पासून तो ‘फंकटूल्स’ या मोड्यूलमध्ये तयार मिळतो. वेब प्रोग्रॅमसाठी फ्लास्क वापरणाऱ्यांना तो विसरल्याची शिक्षा लगेच मिळते: दोन पानांची फंक्शनं एकाच नावाची दिसतात आणि फ्लास्क दुसरं घ्यायला नकार देतो.

एक गोष्ट कोणताही डेकोरेटर झेलणार नाही, कारण तिथे एक्सेप्शनच येत नाही. मशीनने रेघांऐवजी ‘एनएएन’ ही तीन रोमन अक्षरं लिहिली, तर ‘फ्लोट’ ती आनंदाने स्वीकारतो. तो ‘आकडा नव्हे’ या अर्थाचा आकडा आहे. बेरजेत एकदा शिरला की पूर्ण बेरीज तशीच होते. ‘फॅट शून्यापेक्षा कमी किंवा पंधरापेक्षा जास्त असेल तर नाकार’ अशी तपासणी लिहिली तर तोही सुटतो, कारण त्याच्याशी केलेल्या दोन्ही तुलना खोट्याच ठरतात. म्हणून तपासणी उलटी लिहायची: फॅट शून्य आणि पंधरा यांच्या मध्ये ‘नसेल’ तर आपणच व्हॅल्यूएरर फेकायचा. चूक झेलण्याइतकंच ती वेळेवर फेकणंही आपलं काम आहे.

डेकोरेटरने चुका सांभाळण्याचा दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे पुन्हा प्रयत्न. नेटवर्क क्षणभर गेलं, समोरचा सर्व्हर गडबडीत आहे, तर थोडं थांबून तेच फंक्शन परत चालवायचं. हे काम करणारी टेनॅसिटीसारखी तयार लायब्ररीही आहे. दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करत न्यायचा आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा, नाहीतर बंद पडून उठलेल्या सर्व्हरवर सगळे एकाच सेकंदाला तुटून पडतात. पण पगाराची रक्कम बँकेकडे पाठवणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर हा डेकोरेटर आंधळेपणाने ठेवू नका. उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं नसतं. पैसे जाऊन पोचपावती वाटेत हरवलेली असू शकते. दुसऱ्या प्रयत्नात पगार दोनदा जमा होईल. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक हवा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरच्याने नवा व्यवहार करू नये, अशी व्यवस्था असेल तरच पुन्हा प्रयत्न सुरक्षित. सभासदाला नोंदीचा एसएमएस दोनदा गेला तर फारसं बिघडत नाही. हा फरक डेकोरेटरला कळत नाही, लिहिणाऱ्याला कळायला हवा.

काही खाचखळगे थोडक्यात. फंक्शनमध्ये ‘यील्ड’ असेल, म्हणजे ते नोंदी एकेक करून देणारं असेल, तर आपल्या वेष्टनातलं ‘ट्राय’ निकामी ठरतं. असं फंक्शन बोलावताक्षणी काहीच करत नाही, फक्त एक तयार यंत्र हातात देतं. खरं काम नंतर, वेष्टन सोडून बाहेर पडल्यावर सुरू होतं. ‘असिंक’ फंक्शनांचं तेच. त्यांच्यासाठी वेष्टनही ‘असिंक’ लिहून आत ‘अवेट’ करावं लागतं. एकावर एक डेकोरेटर लावले तर फंक्शनला सर्वांत जवळचा आधी चढतो. चूक आतून येते, म्हणून तिची पहिली भेटही त्याच्याशीच होते. पुन्हा प्रयत्न करणारा बाहेर आणि नाव बदलणारा आत असेल, तर बाहेरच्याला बदललेलं नावच दिसेल. आणि नुसतं ‘एक्सेप्ट’, पुढे कुठलंच नाव नाही, असं कधीही लिहू नका. प्रोग्रॅम थांबवायला दाबलेलं कंट्रोल-सी हेसुद्धा पायथॉनच्या दृष्टीने एक्सेप्शनच असतं. ते चुकून झेललं जाऊ नये म्हणून पायथॉन २.५ मध्ये त्याला ‘बेसएक्सेप्शन’ या वेगळ्या कुळात हलवलं गेलं. नुसतं ‘एक्सेप्ट’ त्या कुळालाही गिळतं.

मग डेकोरेटर कुठे लावायचा? माझा अनुभव सांगतो: वेशीवर. जिथे आपला प्रोग्रॅम बाहेरच्या जगाला भिडतो, फाइल वाचतो, मशीनशी बोलतो, बँकेला निरोप धाडतो, तिथे एकाच जातीच्या चुका पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचा बंदोबस्तही एकच असतो. आतल्या हिशोबाच्या फंक्शनांना मोकळं सोडावं. त्यांच्यात चूक झाली तर ती आपल्या समजुतीची चूक असते, आणि ती झाकण्यात कोणाचंच भलं नाही. चूक एकाच ठिकाणी येत असेल तर डेकोरेटरचा घाट घालूच नका. तिथे साधं ‘ट्राय’ वाचणाऱ्याला जास्त लवकर कळतं. फंक्शनच्या मधल्या दोनच ओळी जोखमीच्या असतील तर त्या दोन ओळींनाच चौकट घाला. डेकोरेटर पूर्ण फंक्शनला वेढतो, कमी-जास्त वेढणं त्याला जमत नाही.

दुधाच्या प्रोग्रॅममध्ये आता पगार काढणारा भाग नोंदी एकेक घेतो. ‘नोंदचूक’ आली तर ती नोंद बेरजेत न धरता तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि सभासद क्रमांक यांसह वेगळ्या यादीत जाते. यादीचं नाव ‘तपासायच्या नोंदी’. ती रिकामी होईपर्यंत पगाराची पावती छापलीच जात नाही. केंद्रचालक चिठ्ठ्यांची फाइल काढतात, पेनाने लिहिलेला आकडा बघतात आणि तो भरतात. महिन्यात अशा चार-पाच नोंदी निघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. त्या बाईंचे २८५ रुपये ६० पैसे पुढच्या पगारात जमा झाले. त्यांच्या आधी दोन पगार तो डेकोरेटर चालू होता, म्हणून मी त्या वीस दिवसांच्या फाइली मागवून घेतल्या. आणखी तीन सभासदांची शून्यं सापडली. त्यांच्यापैकी कोणी तक्रार केलेली नव्हती.

तुमच्याकडे चालू असलेला एखादा पायथॉन प्रोग्रॅम असेल तर आज एक काम करा. संपादकाच्या शोधपट्टीत ‘एक्सेप्ट’ हा शब्द टाका आणि प्रत्येक जागी थांबून तीन गोष्टी बघा: पुढे चुकीचं नाव आहे का, ती चूक कुठे लिहून ठेवली जाते का, आणि परत दिलेला आकडा खरा आहे का. जिथे शून्य परत दिलेलं दिसेल तिथे जुन्या फाइलीही उघडून बघा.